पेपरातले आकडे आपल्याकडे येत नाहीत? सिम्युलेशन आणि आलेख पुन्हा काढताना पडणारे प्रश्न

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात हातात एक पेपर येतो. "यातला तक्ता २ आणि आकृती ३ पुन्हा काढून दाखवा" एवढंच सांगितलेलं असतं. त्यातले आकडे सिम्युलेशनचे असतात, म्हणजे संगणकावर यादृच्छिक नमुने पुन्हा पुन्हा काढून (एक वेळ म्हणजे एक फेरी) पद्धत तपासल्याचे. मग रत्नागिरी-चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतची मुलं तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. उदाहरण शक्यतो आपल्याकडचंच घेतलं आहे: हापूसमधला साका. फळ बाहेरून निर्दोष दिसतं, कापल्यावर आत पांढरट, पोकळ, आंबट भाग निघतो. कापल्याशिवाय कळत नाही आणि कापलेलं फळ पेटीत जात नाही, म्हणून नमुना कायम लहान. डझनभर, फार तर दोन डझन फळं कापून सगळ्या लॉटमध्ये साका किती टक्के हे सांगायचं.

नेमकं काय जुळवायचं असतं? शेवटच्या दशांशापर्यंत सगळं?

लेखकांचा कोड, त्यांचं सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) आणि त्याच आवृत्तीचं सॉफ्टवेअर हाताशी असेल तर हो, शेवटच्या दशांशापर्यंत. पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की छापलेला आकडा त्याच कोडमधून आला. कोडमध्ये चूक असेल तर चूकसुद्धा तंतोतंत जुळते.

पेपरातलं वर्णन वाचून आपण स्वतः कोड लिहिला, तर आकडा तंतोतंत येणार नाही आणि येऊही नये. तो जवळ आला पाहिजे. "जवळ" म्हणजे किती, हे मोजता येतं आणि ते आधी मोजायचं. माझ्या मते प्रकल्पाला हाच मार्ग जास्त किमतीचा आहे, कारण पेपरात काय लिहायचं राहून गेलं ते यातच उघडं पडतं.

पेपरात कव्हरेज ०.९५१ आहे, मला ०.९३८ मिळालं. माझं चुकलं का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. कव्हरेज हेही एक प्रमाणच आहे, हजार फेऱ्यांपैकी किती फेऱ्यांत इंटरव्हलने (अंदाजाभोवतीच्या ९५ टक्क्यांच्या पट्ट्याने) खरी किंमत पकडली त्याचं. त्यामुळे त्यालाही प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) असते: प्रमाण गुणिले (१ वजा प्रमाण), भागिले फेऱ्यांची संख्या, आणि त्याचं वर्गमूळ. ०.९५ आणि १००० फेऱ्या घातल्या की जवळपास ०.००७ येतात. म्हणजे एकट्या पेपराचाच आकडा नुसत्या योगायोगाने ०.९३६ ते ०.९६४ यांत कुठेही पडू शकतो.

इथे तर दोन आकडे आहेत, त्यांचा आणि तुमचा, आणि डोलणारे दोन्ही. फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे ०.०१० आणि प्रत्यक्ष फरक ०.०१३. यावरून झोप उडवून घेण्यासारखं काही नाही. फेऱ्या १०,००० केल्या तर तुमच्या बाजूची त्रुटी ०.००२ वर येते, पण पेपराच्या बाजूची ०.००७ तशीच राहते, हे मुलं विसरतात. स्वतःच्या लाख फेऱ्या चालवून पेपराच्या हजार फेऱ्यांमधली अनिश्चितता कमी होत नाही.

एकेका आकड्यापेक्षा सगळ्या तक्त्याकडे बघा. दहा रकाने आहेत आणि दहाही ठिकाणी तुमचा आकडा थोडा थोडा खाली आहे, तर वेगवेगळा घेतल्यास प्रत्येक फरक क्षुल्लक असूनही एकत्र तो संशयास्पद आहे. मात्र तुम्ही किंवा त्यांनी प्रत्येक रकान्याला एकच सीड वापरलं असेल, तर रकाने एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत आणि सगळे एकाच दिशेला झुकणं आश्चर्याचं नसतं. सीड बदलून पुन्हा चालवा. झुकाव राहिला तर शोध सुरू करा.

सीड पेपरात दिलं आहे, तेच घातलं, तरी आकडे वेगळे. असं कसं?

सीड म्हणजे फक्त सुरुवातीचा बिंदू. पुढे कुठली यंत्रणा चालते त्यावर सगळं अवलंबून.

आर (R) ही संख्याशास्त्राची भाषा वापरत असाल तर पहिला संशय आवृत्तीवर घ्या. २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० पासून 'सॅम्पल' फंक्शनची निवड करण्याची रीत बदलली, कारण जुन्या रीतीत मोठ्या संख्यांवर किंचित पक्षपात होत होता. त्याआधीच्या पेपरात बूटस्ट्रॅप (हातातल्याच नमुन्यातून पुन्हा पुन्हा नमुने काढणं) किंवा यादृच्छिक क्रम लावला असेल, तर आजच्या आरमध्ये त्याच सीडने दुसरेच आकडे येणार. जुनी रीत परत मागता येते: 'आरएनजीव्हर्जन' या फंक्शनला ३.५.० सांगा. नॉर्मल किंवा युनिफॉर्म आकड्यांवर या बदलाचा परिणाम नाही. त्यामुळे तक्ता १ जुळतो आणि बूटस्ट्रॅपचा तक्ता २ जुळत नाही, असं दिसलं तर दुखणं बहुधा हेच.

पायथनमध्ये नमपाय (NumPy) या आकडेमोडीच्या पॅकेजच्या १.१७ आवृत्तीपासून यादृच्छिक आकड्यांचा नवा जनरेटर आला, पीसीजी६४. जुना 'रँडमस्टेट' मर्सेन ट्विस्टर या दुसऱ्या जनरेटरवर चालतो आणि तोही अजून आहे. दोन्हींना ४२ दिलं तरी दोन वेगळे प्रवाह निघतात. आरचा डिफॉल्टही मर्सेन ट्विस्टरच, पण आर आणि नमपाय सीडवरून सुरुवातीची स्थिती वेगवेगळ्या पद्धतीने बनवतात. म्हणून एका भाषेतलं सीड दुसऱ्या भाषेत नेण्यात अर्थ नाही.

तिसरं कारण समांतर चालवणं. चार कोअरवर वाटून दिलेल्या फेऱ्या आणि एका कोअरवर ओळीने चालवलेल्या फेऱ्या एकच प्रवाह वापरत नाहीत. आरमध्ये यासाठी लेक्युयेरचा जनरेटर आहे, प्रत्येक कामगाराला (कोअरवर चालणाऱ्या प्रक्रियेला) वेगळा प्रवाह देणारा. लेखकांनी किती कोअर वापरले हे कळल्याशिवाय तंतोतंत जुळवणं बहुतेकदा अशक्य.

सीड दिलंच नसेल तर?

तर सुरुवातीला सांगितलेल्या दुसऱ्या मार्गाने चला: स्वतः कोड लिहा आणि आकडा त्रुटीच्या आत जवळ येतो का ते बघा. १, १२३, २०२० असली सीडं घालून "लागतंय का" बघत बसू नका. एखादं लागलं तरी ते योगायोगाने लागलं असू शकतं.

सगळं तपासलं, मोंटे कार्लो त्रुटीपेक्षा (फेऱ्या मर्यादित असल्याने येणाऱ्या, वर मोजलेल्या त्रुटीपेक्षा) फरक कितीतरी मोठा आहे. शोध कुठून सुरू करू?

टाकून दिलेल्या फेऱ्यांपासून. मी नेहमी इथूनच सुरू करायला सांगतो, त्याचं कारण साक्याच्या उदाहरणात दिसेल.

धरा, लॉटमध्ये साका खरोखर १० टक्के फळांत आहे. एक डझन फळं कापली आणि पाठ्यपुस्तकातला नेहमीचा ९५ टक्क्यांचा इंटरव्हल, म्हणजे वाल्डचा, काढला. त्याचं कव्हरेज किती? यासाठी सिम्युलेशनचीही गरज नाही. साका निघालेली फळं ० ते १२ यांपैकी किती, एवढ्या तेराच शक्यता. प्रत्येकीत इंटरव्हल काढा, ०.१ आत पडतं का बघा, आणि पडतं त्यांच्या बायनॉमियल संभाव्यता मिळवा. १ ते ४ फळांत साका निघाला तर आत पडतं, ० किंवा ५ आणि पुढे बाहेर. बेरीज ०.७१३. ९५ टक्क्यांचं नाव लावून ७१ टक्क्यांचं काम. दोन डझन कापली तर ०.९१३.

आता शून्याचं बघा. डझनात एकही साका निघाला नाही, तर प्रमाण शून्य, प्रमाण त्रुटी शून्य, आणि इंटरव्हल शून्यापासून शून्यापर्यंत. अशी वेळ येण्याची शक्यता ०.९ चा बारावा घात, म्हणजे २८ टक्के. काही कोडमध्ये अशी फेरी "इंटरव्हल निघालाच नाही" म्हणून गुपचूप वगळलेली असते, बऱ्याचदा रिकाम्या किमती काढून टाकण्याच्या एका ओळीत. ती वगळली की डझनाचं कव्हरेज ०.७१३ वरून ०.९९४ होतं आणि दोन डझनांचं ०.९१३ वरून ०.९९२. तीच पद्धत, तेच आंबे. एका ओळीने सगळ्यात वाईट पद्धत सगळ्यात चांगली दिसायला लागते.

मॉडेल जितकं अवघड, तितकं हे जास्त घडतं. लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये दोन गट पूर्ण वेगळे पडले, मिश्र मॉडेल स्थिरावलंच नाही, मॅट्रिक्स उलटवता आलं नाही: अशा फेऱ्यांचं काय केलं? वगळल्या, पुन्हा नवा नमुना काढला, की अपयश म्हणून मोजल्या? पेपरात याबद्दल एक वाक्य शोधा. नसेल तर तिन्ही रीतींनी चालवा आणि कुठल्या रीतीने छापील आकडा येतो ते बघा. उत्तर बहुधा तिथेच सापडतं.

जाता जाता: वाल्डऐवजी विल्सनचा इंटरव्हल, जो १९२७ चा आहे, याच परिस्थितीत डझनाला ०.९७४ आणि दोन डझनांना ०.९७२ देतो. वाल्डचं कव्हरेज नमुना वाढवला म्हणून सरळ वर जात नाही, हेलकावे खातं, हे ब्राउन, काई आणि दासगुप्ता यांनी २००१ मध्ये सविस्तर दाखवलं. तरी वाल्ड अजून सगळीकडे शिकवला जातो, याला काय म्हणावं!

माझा स्वतःचा कोड बरोबर आहे हे कसं कळणार?

उत्तर आधीच माहीत असेल अशी परिस्थिती त्याला द्या. वरचे ०.७१३ आणि ०.९१३ हे गणिताने आलेले आकडे आहेत. तुमच्या सिम्युलेशनला ते आले पाहिजेत. टोकंही बघा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१ मध्ये आणलेल्या रत्ना जातीत, म्हणजे नीलम आणि हापूसच्या संकरात, साका नसतो. तिथे खरं प्रमाण शून्य धरा: वाल्डचा इंटरव्हल प्रत्येक वेळी शून्य ते शून्य आणि कव्हरेज बरोबर १. तुमचा कोड इथे त्रुटी दाखवत असेल किंवा उत्तर रिकामं येत असेल, तर शून्याच्या फेऱ्या तुम्हीही नकळत गाळताय.

वितरणाच्या पॅरामीटरमध्ये घोळ होतो म्हणतात, तो कुठला?

नॉर्मल (०, ४) असं छापलेलं असतं. त्यातला ४ बहुधा व्हेरियन्स, पण आरचं फंक्शन तिथे प्रमाण विचलन मागतं, म्हणजे २ द्यायचे. एक्स्पोनेन्शियलला आर रेट घेतं, नमपाय स्केल घेतं, एक दुसऱ्याचा व्यस्त. गॅमाचंही तसंच. व्हेरियन्स काढताना आर नमुन्याच्या संख्येतून एक वजा करून भागतं, नमपाय सांगितल्याशिवाय तसं करत नाही. क्वांटाइलच्या तर आरमध्ये नऊ रीती आहेत आणि एसएएस (SAS) या सॉफ्टवेअरचा डिफॉल्ट आरच्या डिफॉल्टपेक्षा वेगळा. उपाय एकच: लाखभर आकडे काढून त्यांची सरासरी आणि व्हेरियन्स सूत्राशी ताडून बघा, मगच पुढे जा.

लॅपटॉप जुना आहे, पावसाळ्यात लाईट जाते. लांबलचक सिम्युलेशन चालवायचं कसं?

ते लांबलचक ठेवायचंच नाही. १०,००० फेऱ्यांचे शंभर-शंभरचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला स्वतःचं सीड द्या आणि तुकडा संपला की निकाल फाइलमध्ये लिहा. लाईट गेली तर फार तर शंभर फेऱ्या बुडतील. परत चालू केल्यावर ज्या तुकड्याची फाइल नाही तेवढाच चालवायचा. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. असं काम अर्धवट राहिलं तरी आठवड्यांनी तिथूनच उचलता येतं.

तुकड्यांची सीडं १, २, ३ अशी देण्यापेक्षा एका मुख्य सीडवरून वेगळे प्रवाह काढणारी सोय वापरा. नमपायमध्ये 'सीडसिक्वेन्स' आणि आरमध्ये मघाशी सांगितलेला लेक्युयेर. फुकटच्या क्लाउडवर चालवत असाल तर तिथलं सत्रही मध्येच तुटतं, तेव्हा तिथेही हीच रीत.

आणि १०,००० आधीच नकोत. आधी २०० फेऱ्या. एवढ्यात कव्हरेजची त्रुटी दीड टक्का असते, आणि ढोबळ चूक पकडायला ती पुरते.

आकडे जुळले, पण आलेख पेपरातल्यासारखा दिसत नाही.

आलेखातही निर्णय लपलेले असतात, आणि ते पेपरात जवळजवळ कधीच लिहिलेले नसतात.

सगळ्यात फसवा निर्णय अक्षाच्या मर्यादेचा. आरच्या जीजीप्लॉट या आलेखांच्या पॅकेजमध्ये वाय अक्षाची मर्यादा ठरवण्याच्या दोन रीती आहेत. 'वायलिम' मर्यादेबाहेरचे बिंदू आधी काढून टाकतं आणि मग बॉक्स किंवा वक्र काढतं. 'कोऑर्ड कार्टेशियन' सगळ्या बिंदूंवरून काढतं आणि मग फक्त तेवढा भाग दाखवतं. पहिल्या रीतीत बॉक्सप्लॉटची मध्यरेषासुद्धा हलते. पेपरातली एखादी पद्धत आलेखात नीटस दिसते आणि तक्त्यात तिची त्रुटी मोठी असते, तेव्हा वाह्यात किमती अशा कापल्या गेल्यात का ते बघा. टाकून दिलेल्या फेऱ्यांचंच हे दुसरं रूप आहे.

घनता वक्र असेल तर बँडविड्थ, म्हणजे वक्र किती गुळगुळीत करायचा ते. आरचा डिफॉल्ट सिल्व्हरमनचा ठोकताळा, पायथनच्या सायपाय पॅकेजचा स्कॉटचा. गुळगुळीत रेषा असेल तर जीजीप्लॉट हजारपेक्षा कमी बिंदूंना लोएस लावतं आणि त्याहून जास्त असले की गॅम (दोन्ही वक्र बसवण्याच्या रीती), तेही न विचारता. बिंदू एकमेकांवर पडू नयेत म्हणून थोडे हलवले असतील, तर ते हलवणंही यादृच्छिक असतं, त्यालाही सीड लागतं. रंग वेगळे दिसले तर घाबरू नका: आर ४.० मध्ये डिफॉल्ट रंग बदलले.

अक्षांवर मराठी नावं हवी असतील तर आरच्या साध्या पीडीएफ डिव्हाइसने देवनागरी नीट उमटत नाही. कैरो पीडीएफ वापरा.

पेपरात फक्त आलेख आहे, आकडे कुठेच नाहीत.

आलेखाच्या चित्रावरून बिंदू मोजता येतात. वेबप्लॉटडिजिटायझर हे त्यासाठीचं चांगलं साधन. अक्षावरचे ओळखीचे बिंदू आधी नेमून द्या, आणि अक्ष लॉगचा आहे का ते नीट बघा. असे काढलेले आकडे तुलनेला चालतात, पण तक्त्यात मांडताना "आलेखावरून मोजलेले" असं लिहाच. त्याआधी एक सोपा मार्ग: पेपराची आर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंटच्या साइटवरची जुनी आवृत्ती आणि पुरवणी उघडा. छापताना जागेअभावी गाळलेला तक्ता तिथे सापडू शकतो.

पेपरात सिम्युलेशनबरोबर खऱ्या पावसाच्या नोंदीही आहेत. त्या जुळत नाहीत.

दिवस कुठे सुरू होतो ते तपासा. भारतीय हवामान विभागाचा २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजला जातो आणि त्याच तारखेवर लिहिला जातो. म्हणजे २२ जुलै २०२१ च्या, चिपळूण बुडालं त्या दिवसाच्या नोंदीत २१ तारखेच्या सकाळी साडेआठपासूनचा पाऊस असतो. उपग्रहाच्या नोंदी मात्र जागतिक वेळेने, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून दिवस धरतात आणि तारीख सुरुवातीची लावतात. दोन्ही एकाच आलेखावर घेतल्या की जवळपास एक दिवसाचा सरक दिसतो, आणि मुलं मॉडेलमध्ये दोष शोधत बसतात.

लेखकांना मेल करावा का? ते उत्तर देतात?

करावा. बरेच जण देतात, आणि विद्यार्थ्याला तर आपुलकीने देतात. पण "तुमचे आकडे जुळत नाहीत, कोड पाठवा" असं लिहू नका. कुठल्या तक्त्यातला कुठला रकाना, तुम्हाला किती आलं, किती फेऱ्यांत, मोंटे कार्लो त्रुटी किती आणि तुमचा नेमका एकच प्रश्न कोणता, एवढं दहा ओळींत. "स्थिरावल्या नाहीत त्या फेऱ्या तुम्ही कशा मोजल्या?" या प्रश्नाला उत्तर देणं सोपं असतं. "मदत करा" ला नसतं.

कोड मिळाला, पण चालतच नाही.

पॅकेजं बदललेली असतात. कोडबरोबर 'रेन्व्ह'ची (आरच्या पॅकेजांच्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या साधनाची) लॉक फाइल असेल तर त्या वेळच्या आवृत्त्या आपोआप बसवता येतात. नसेल तर पेपराच्या तारखेवरून अंदाज घेऊन जुन्या आवृत्त्या सीआरएएनच्या (आरच्या पॅकेजांच्या अधिकृत साठ्याच्या) संग्रहातून हाताने बसवाव्या लागतात, कंटाळवाणं काम आहे. डॉकर (सॉफ्टवेअरसकट सगळं वातावरण एका प्रतिमेत बांधून देणारं साधन) उत्तम, पण मोबाइल डेटावर त्याची प्रतिमा उतरवण्याआधी तिचा आकार बघा. कॉलेजच्या वायफायवर उतरवा.

एआयकडून कोड लिहून घेतला तर चालेल?

घ्या, पण तो पेपर न वाचता लिहिल्यासारखा तपासा. व्हेरियन्स की प्रमाण विचलन, रेट की स्केल, रिकाम्या किमती गाळायच्या की मोजायच्या, हे निर्णय तो तुमच्या वतीने न सांगता घेतो, आणि कोड सुरळीत चालतो. ०.७१३ ची चाचणी त्यालाही लावा.

शेवटपर्यंत जुळलं नाही. प्रबंधात काय लिहायचं?

जे घडलं ते. कुठले रकाने त्रुटीच्या आत जुळले, कुठले नाही, काय काय बदलून पाहिलं आणि कशाने आकडा किती हलला. "शून्याच्या फेऱ्या वगळल्यावरच छापील आकडा येतो" हे वाक्य एखाद्या प्रबंधातला सगळ्यात उपयोगी निष्कर्ष असू शकतं. लेखकांवर आरोप करू नका, पुरावा मांडा. परीक्षकांना न जुळलेला प्रकल्प आवडणार नाही ही भीती मुलांना फार असते. मोंटे कार्लो त्रुटी बाजूला लिहिलेला, न जुळलेला तक्ता मला तरी न तपासता जुळलेल्या तक्त्यापेक्षा कधीही चालेल.

कोड कुठे ठेवायचा?

गिटहबवर ठेवा आणि अंतिम प्रत झेनोडो या संशोधन-साठ्याच्या साइटवर चढवा. ते फुकट आहे आणि कायमचा डीओआय (न बदलणारा ओळख-क्रमांक) मिळतो. सोबत आरच्या 'सेशनइन्फो'चा निकाल एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये द्या, आणि कुठली फाइल आधी चालवायची हे पहिल्याच ओळीत लिहा.